देवस्व आणि उजाळा

जी वस्तू आपली नाही, परंतु आपल्या स्वाधीन आहे, तिची काळजी किती घ्यावी? असा प्रश्न केला असता बहुतेक सज्जन मनुष्ये ‘ती आपली असती तर जितकी घेतली असती तितकी’ असे उत्तर देतील. कायद्याचे उत्तरही जवळपास हेच आहे. 1872च्या करार कायद्याच्या 151व्या कलमाने ठेव सांभाळणाऱ्यावर, आणि 1882च्या विश्वस्तनिधी कायद्याच्या 15व्या कलमाने विश्वस्तावर, सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेण्याचे बंधन घातले आहे. गोव्याला परिचित असलेला पोर्तुगीज कायदा ज्या रोमन परंपरेतून आला, तीतही दक्ष कुटुंबप्रमुखाची काळजी हेच माप मानलेले आहे. नित्याच्या व्यवहाराला हे माप पुरते. परंतु देवाच्या अंगावरील चांदी आणि रत्ने यांना ते लावून पाहिले म्हणजे त्यात एक उणीव दिसू लागते, आणि त्या उणिवेचा विचार करताना मालकी, सेवा आणि काळजी या तीन शब्दांचे अर्थ आपण किती सैलपणे वापरतो हेही ध्यानात येते.

विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. जत्रा जवळ आली की देवळाच्या भांडारातील चांदी बाहेर निघते. प्रभावळ, मुखवटे, छत्र-चवऱ्यांचे दांडे, पालखीचे पत्रे, समया, निरांजने अशी सारी मंडपात मांडली जातात आणि चिंच, राख, रांगोळी, दंतमंजन किंवा बाजारातील एखादी पूड यांपैकी जे हाताशी असेल त्याने ती घासली जातात. दोन प्रहरांत काळवंडलेली चांदी लखलखू लागते. या कामात कसलाही स्वार्थ नसतो. घासणारे बहुधा विनामोबदला, भक्तिभावाने घासत असतात. अशा कामाविषयी नैतिक प्रश्न उपस्थित करणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. तथापि ज्या कृत्याला हेतूची शुद्धता लाभली आहे त्याच्या परिणामाची तपासणी आपण सहसा करीत नाही, आणि म्हणूनच ती अधिक आवश्यक असते.

प्रथम चांदीवर चढणारा काळेपणा म्हणजे काय, हे पाहू. तो धुळीसारखा बाहेरून येऊन बसलेला मळ आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. हवेत अत्यल्प प्रमाणात गंधकाची संयुगे असतात. धुरातून, रबरातून, लोकरीतूनही ती येतात. त्यांचा चांदीशी संयोग झाला म्हणजे चांदीच्या पृष्ठभागावर रजत-गंधकिदाचा, म्हणजे सिल्व्हर सल्फाइडचा, पातळ थर तयार होतो. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या, ओलसर हवेत वर्षाकाठी चांदी का काळवंडते याचे उत्तर यातच आहे. म्हणजे तो काळा थर चांदीपासून वेगळा नाही. ती रूप पालटलेली चांदीच होय. आपण तो थर घासून काढतो तेव्हा चांदीच काढून टाकीत असतो.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. खनिजांच्या काठिण्याचे जे 1 ते 10 असे मोस मापन प्रचलित आहे, त्यात शुद्ध चांदी अडीच ते तीनच्या दरम्यान येते आणि वाळूतील गारेचा अंक 7 आहे. रांगोळी ही दगडाची भुकटी. भाताच्या तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका असते. या पदार्थांनी चांदी घासणे म्हणजे कानशीने हळूहळू घासण्यासारखेच आहे. उठावाच्या नक्षीत जे भाग वर आलेले असतात ते प्रथम झिजतात. सिंहाचे नाक, कमळाच्या पाकळीची कड, मुखवट्याच्या भुवया अशा क्रमाने कारागिराचा हात पुसला जातो. लाकडावर ठोकलेल्या पातळ पत्र्याच्या पालखीला तर शेवटी भोके पडतात, आणि मग ‘पत्रा जुना झाला’ असे आपण म्हणतो. तो काळाने जुना झाला, की आपल्या सेवेने?

या ठिकाणी एका प्राचीन ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सोनारांच्या लबाड्यांचे सविस्तर विवेचन आहे. घडवलेल्या किंवा जुन्या भांड्यांतून धातू कसा चोरला जातो हे सांगताना त्याने चार उपाय मोजले आहेत: ठोकून काढणे, कापून घेणे, खरवडणे आणि घासणे. शेवटल्या उपायाचे नाव परिमर्दन. कठीण खनिजाची पूड लावलेल्या वस्त्राने भांडे घासले म्हणजे सोन्यारुप्याची भांडी क्षीण होतात आणि तरीही त्यांवर मोडतोडीची काही खूण दिसत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. चौर्यकर्माच्या यादीत राजनीतिज्ञाने जी क्रिया घातली, तीच क्रिया आपण वर्षानुवर्षे देवाच्या भांडारात सेवा म्हणून करीत आलो आहोत. भेद इतकाच की सोनार झिजलेली चांदी वस्त्रासह घरी नेत असे, आणि आपण ती मोरीतून वाहू देतो.

आता कोणी म्हणेल, चोरीत हेतू असतो आणि सेवेत तो नसतो. हेतू नसेल तर दोष कोठून येणार? हा आक्षेप गंभीर आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात देवस्वाचा नाश करणाऱ्याला परलोकी गिधाडांच्या उष्ट्यावर जगावे लागेल असे भयंकर फळ सांगितले आहे, पण ते लोभाने नाश करणाऱ्यासाठी. प्रेमाने नाश करणाऱ्याचे काय, हे स्मृतिकाराने सांगितलेले नाही. कदाचित ती शक्यता त्याला विचारात घेण्याजोगी वाटली नसेल. आपल्या काळात मात्र तीच अधिक विचारणीय झाली आहे. लोभापासून देवस्वाचे रक्षण करण्यासाठी कुलपे आहेत, हिशेब आहेत, न्यायालये आहेत. अज्ञानी प्रेमापासून रक्षण करील असे कुलूप अद्याप कोणी घडवलेले नाही. अज्ञानातून झालेल्या हानीसाठी आपण कोणाला पापी म्हणणार नाही, हे खरे. पण जे ज्ञान थोड्या विचारपूसीने मिळण्याजोगे आहे ते न मिळवता परक्याच्या वस्तूवर हात चालवणे याला निर्दोष अज्ञान म्हणता येत नाही. त्याला कायद्याच्या भाषेत हयगय म्हणतात.

‘परक्याची वस्तू’ हा शब्दप्रयोग येथे जाणून केला आहे. देवाला अर्पण केलेली वस्तू कोणाची, हा आपल्या शास्त्रातील एक जुना वाद आहे. पूर्वमीमांसेच्या नवव्या अध्यायावरील भाष्यात शबरस्वामींनी असे मत मांडले आहे की देवाचे गाव, देवाचे शेत हे शब्द केवळ उपचाराने वापरले जातात. मालक तो, जो वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करू शकतो, आणि देवता तसा विनियोग करीत नाही. दुसरीकडे, इंग्रजी अमदानीत आणि नंतरच्या न्यायव्यवस्थेत देवमूर्तीला विधिमान्य व्यक्तित्व देण्यात आले. 1925 साली कलकत्त्याच्या एका कुटुंबाच्या कुलदेवतेसंबंधीच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने एक पाऊल पुढे टाकले. मूर्ती ही कोणीही उचलून कोठेही न्यावी अशी जंगम चीज नाही, तिच्या वास्तव्याविषयी तिची स्वतःची इच्छा विचारात घेतली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी कोणत्याही पक्षाशी हितसंबंध नसलेला प्रतिनिधी नेमला पाहिजे, असा तो निर्णय होता. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने देवतेची स्थिती अज्ञान बालकासारखी असल्याचे मान्य करून, सांभाळ करणाराच देवतेच्या हिताविरुद्ध वागू लागला तर साध्या उपासकालाही तिच्या वतीने दाद मागता येते असे ठरवले. 2021 साली मध्य प्रदेशातील देवस्थानांच्या जमिनींच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पुजारी हा मालक नसून केवळ व्यवस्था पाहणारा आहे, मालकीच्या रकान्यात देवतेचेच नाव असावे, असे स्पष्ट केले.

शबरस्वामी आणि न्यायालये यांची मते परस्परविरुद्ध दिसतात, परंतु सेवकाच्या कर्तव्यापुरते पाहिले तर ती एकाच ठिकाणी येऊन मिळतात. देव मालक नाही असे मानले तर दात्याने स्वत्व सोडल्यावर ती वस्तू कोणा एकाची उरतच नाही, आणि मग तिच्यावर मालकी हक्क गाजवण्याचा अधिकार पुजाऱ्याला नाही, समितीला नाही, महाजनांनाही नाही. देव मालक आहे असे मानले तर तो असा मालक आहे की जो बोलत नाही, हिशेब मागत नाही आणि तक्रार करीत नाही. दोन्ही पक्षी निष्कर्ष एकच निघतो: जिथे जाब विचारणारा कोणी नाही, तिथे जबाबदारीचे माप सेवकाने स्वतःच वाढवून घेतले पाहिजे. बालकाचा पालक बालकाला कळत नाही म्हणून अधिक सावध असतो. तोच न्याय येथेही आहे.

आता प्रारंभीच्या कसोटीकडे वळू. ‘स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी’ हे माप देवस्वाला अपुरे का पडते? कारण स्वतःच्या वस्तूबाबत मनुष्याला काळजी घेण्याबरोबरच ती न घेण्याचीही मोकळीक असते. माझी चांदीची वाटी मी झिजवीन, मोडीन, वितळवून तिचे पेले करीन. त्यात कोणाचा अपराध होत नाही. मालकाच्या मायेत हा स्वैरपणा नेहमी मिसळलेला असतो. देवाची चांदी ‘आपलीच समजून’ सांभाळणारा मनुष्य नकळत हा स्वैरपणाही सोबत घेऊन येतो. देवळातील जुन्या वस्तूंची मोठी मोडतोड अनेकदा ‘देव आमचाच’ म्हणणाऱ्यांच्या हातून होते, तिचे मूळ येथे आहे. देवाच्या वस्तूची काळजी घेताना ती आपली नाही याची जाणीव क्षणभरही सुटता कामा नये. तिथे आपलेपणा मायेत असावा, अधिकारात असू नये.

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. देव काळवंडलेल्या प्रभावळीत ठेवायचा काय? तेज हे देवत्वाचे लक्षण आहे. मळकट उपकरणे ही उपेक्षेची खूण आहे. हा आक्षेप भावनेच्या दृष्टीने योग्य आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत झालेली आहे. वस्तूवर मळ असतो, आणि वस्तूला वय असते. तेलाचा चिकटा, काजळी, गंधाचे वाळलेले पोपडे, कुंकू, निर्माल्याचा ओलावा हा मळ आहे, आणि तो त्याच दिवशी निघाला पाहिजे. तो राहू देणे ही खरी उपेक्षा. नक्षीच्या खोलगट भागात मुरलेली काळसर छाया हे वस्तूचे वय आहे. तिच्यामुळे उठावाला खोली येते, मुखवट्याच्या डोळ्यांत दृष्टी येते. ती समूळ खरवडून काढली म्हणजे मुखवटा चमकतो, पण सपाट दिसतो. शिवाय हेही लक्षात घ्यावे की समईच्या ज्योतीत मंद चांदीदेखील उजळून निघते. विजेच्या झगझगीत झोतांनी आपल्या डोळ्यांना लखलखाटाची चटक लावली आहे. तो लखलखाट देवासाठी हवा असतो की पाहणाऱ्यांसाठी, याचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे.

चांदी उजळण्याच्या ज्या रीती कमी हानिकारक आहेत त्याही जाणून घेण्यासारख्या आहेत. रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ सुती वस्त्र आणि त्यानंतर पूर्ण कोरडे करणे एवढ्याने निम्म्याहून अधिक काम होते. निव्वळ चांदीच्या, रत्नविरहित आणि आतून भरीव अशा भांड्यांसाठी रसायनशास्त्राने एक युक्ती दिली आहे. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर भांडे टेकवून खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ते बुडवले असता गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी बऱ्याच अंशी जागच्या जागी परत मिळते. घासण्याने जी चांदी आपण गमावतो ती येथे टिकते. मात्र ही युक्ती नक्षीतील मुद्दाम राखलेली काळी छायाही घालवते, आणि खडे, मोती, लाख किंवा लाकूड असलेल्या वस्तूंना ती वर्ज्य आहे. क्षणात उजळणारी जी आम्लयुक्त द्रावणे बाजारात मिळतात, त्यांनी पृष्ठभागाला सूक्ष्म खड्डे पडतात आणि अशी चांदी पुढल्या खेपेस अधिक लवकर काळवंडते. झटपट मिळणाऱ्या उजाळ्याची किंमत पुढच्या वर्षाला मोजावी लागते.

रत्नांच्या बाबतीत हा विचार आणखी सूक्ष्म होतो. नवरत्नांचा एखादा अलंकार डोळ्यांसमोर आणावा. हिऱ्याच्या काठिण्याचा अंक 10, माणिक आणि नीलम 9, लसण्या साडेआठ, पाचू साडेसात ते आठ, गोमेद सुमारे 7, पोवळे साडेतीनच्या आसपास, आणि मोती त्याहूनही मऊ असू शकतो. हवेतील धुळीत गारेचे कण असतात, म्हणून कोरड्या फडक्याने धूळ नुसती पुसल्यानेही मोत्यावर ओरखडे उमटतात. मोती आणि पोवळे हे मुख्यतः चुनखडीच्या जातीचे पदार्थ आहेत. चिंच, लिंबू, दही यांतील आंबटपणा त्यांना अक्षरशः खातो. पाचूत नैसर्गिक चिरा असतात आणि त्या बुजवण्यासाठी त्यात तेल मुरवण्याची प्रथा जुनी आहे. गरम पाण्याने ते तेल निघून जाते आणि पाचू निस्तेज दिसू लागतो. कुंदनाच्या जडावात खड्याखाली चकाकता पातळ पत्रा, म्हणजे डांक, बसवलेला असतो आणि आत लाख भरलेली असते. पाणी आत शिरले तर डांक काळी पडते, उष्णता लागली तर लाख मऊ होते. चांदीला जी कोरडी, बंद पेटी मानवते, तीत फार काळ ठेवलेला मोती शुष्क होऊन तडकू शकतो. एकाच हारात शेजारी शेजारी बसलेल्या या नऊ जणांना एकच स्नान घालणे म्हणजे समतेच्या नावाखाली अन्याय करणे होय.

विधिशास्त्राच्या अभ्यासकाला यात आपल्या विषयाचा एक जुना सिद्धांत दिसतो. समान असलेल्यांना समान वागवणे हा न्याय. भिन्न असलेल्यांना एकाच पट्टीने मोजणे हा न्याय नव्हे. परंतु भिन्नतेनुसार वागवायचे तर प्रथम ती भिन्नता ओळखावी लागते, आणि ओळखण्यासाठी निरीक्षण लागते, अभ्यास लागतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र अध्याय लिहिले, ते केवळ किमतीसाठी उपयोगी पडतात असे नाही. वस्तूचा स्वभाव जाणल्याशिवाय तिच्याशी नीट वागता येत नाही, हे ज्ञान आणि नीती यांच्या सांध्यावरचे सत्य त्यांत आहे. आपल्या षोडशोपचारांच्या क्रमातही हे शहाणपण आहे. स्नान आधी, वस्त्रालंकार नंतर. पंचामृताचा अभिषेक चालू असताना अंगावर मोत्यांचे अलंकार असू नयेत, हा नियम शुचितेचा म्हणून पाळला जातो, आणि तो मोत्याचाही जीव वाचवतो.

झिजवण्याच्या दोषाच्या दुसऱ्या टोकाला कोंडून ठेवण्याचा दोष आहे. झीज नको, चोरी नको, म्हणून काही ठिकाणी अलंकार वर्षानुवर्षे पेटीबाहेर येत नाहीत. रक्षणाचा हा प्रकार सर्वांत सोपा असतो, कारण त्यात रोजची मेहनत नसते. पुरीच्या श्रीजगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडारातील वस्तूंची मोजदाद 1978 साली झाली. 2018 साली आतल्या दालनाची किल्ली सापडत नसल्याची गोष्ट सर्वत्र चर्चिली गेली. आणि 2024च्या जुलै महिन्यात ते पुन्हा उघडण्यात आले. मधली 46 वर्षे लोटली. त्या काळात आतील रत्नांचे काय झाले असेल या चिंतेने लाखो भाविक अस्वस्थ झाले, यात नवल नाही. कुलपाने चोर दूर राहतो. ओलावा, कोळी आणि विस्मृती ही दूर राहत नाहीत. जो अलंकार नियमाने बाहेर निघतो, देवाच्या अंगावर चढतो, पुसून परत ठेवला जातो, त्याचा सैल झालेला खडा वेळीच दिसतो, तुटू पाहणारा दोरा वेळीच बदलला जातो. शिवाय ज्याने तो अलंकार दिला त्याची इच्छा तो देवाने ल्यावा अशी होती. पेटीने तो ल्यावा अशी नव्हती.

दाता हा शब्द आला, आणि त्याच्याबरोबर या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न येतो. समजा, एखाद्या देवस्थानात दीडदोनशे वर्षांची, झिजलेली, ठिकठिकाणी चेमटलेली चांदीची प्रभावळ आहे. एखादा संपन्न कुळावी पुढे येतो आणि म्हणतो, ‘ही मोडा, तिच्यात माझी आणखी पाच किलो चांदी घाला आणि नवी घडवा.’ समितीला खर्च नाही, देवाला नवी प्रभावळ, दात्याला पुण्य आणि खाली कोरलेले नाव. नकार देण्यास कारण काय? कायद्याच्या दृष्टीने समितीने योग्य ठराव केला, वजनाचा चोख हिशेब ठेवला आणि आवश्यक ती संमती घेतली तर बहुधा आडकाठी निघणार नाही. नीतीचा प्रश्न मात्र तेथे संपत नाही.

जुन्या प्रभावळीचाही कोणी दाता होता. त्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नसेल. तिला कोणी कारागीर होता. त्याने ठोकणीचा एकेक घाव मोजून सिंह आणि वेली उठवल्या. दात्याने चांदीवरील स्वत्व सोडले हे खरे, पण त्याने चांदीचा गट्टू दिला नव्हता, प्रभावळ दिली होती. दानात द्रव्य जसे येते तसे रूपही येते. वितळवल्यावर द्रव्य उरते आणि रूप नाहीसे होते; म्हणजे दानाचा अर्धा भाग आपण परस्पर संपवतो. आजचा दाता समक्ष उभा आहे, तो बोलू शकतो, रुसू शकतो, दुसऱ्या देवस्थानाकडे जाऊ शकतो. जुना दाता यांपैकी काहीच करू शकत नाही. जिवंत आणि प्रबळ मनुष्याच्या इच्छेपुढे मृत आणि निनावी मनुष्याची इच्छा नेहमीच हरते, आणि म्हणूनच तिची बाजू मांडणारा कोणीतरी सभेत असावा लागतो. 1925च्या निर्णयातील तो हितसंबंध नसलेला प्रतिनिधी येथे आठवावा. आपल्याकडे देवाला कौल लावून इच्छा विचारण्याची परंपरा आहे. प्रश्न लावताना नव्या दात्याचे नाव जितक्या स्पष्टपणे उच्चारले जाते, तितक्याच स्पष्टपणे जुन्या वस्तूचे वय आणि तिची अवस्था सांगितली जाते का, हे पाहिले पाहिजे. प्रश्न प्रामाणिक असल्याशिवाय कौल प्रामाणिक कसा व्हावा?

जुने म्हणून सारेच राखावे, असा हट्ट येथे नाही. जी वस्तू दुरुस्तीपलीकडे गेली, जी धरल्याने हाताला इजा होते, जिचे मूळ रूप ओळखूही येत नाही, तिचे रूपांतर करणे हाही काळजीचाच एक प्रकार आहे. गोव्यातील दैवतांच्या भक्तांना हे निराळे सांगावयास नको. 1560 साली कुशस्थळीहून श्रीमंगेशाला नदीपार प्रियोळला आणणाऱ्यांनी जुने देऊळ मागे सोडले. तो त्याग त्यांच्यावर परिस्थितीने लादला होता आणि त्यांनी जे नेले ते प्राण पणाला लावून नेले. त्यांच्या आणि आपल्या त्यागातील फरक हा की त्यांनी टाकले ते नाइलाजाने टाकले. आपण जे मोडतो ते बहुधा हौसेने मोडतो. नाइलाज आहे की हौस आहे, एवढा एकच प्रश्न समितीने स्वतःला विचारला तरी पुष्कळ जुनी चांदी वाचेल. नव्या दात्यालाही सन्मानाने सांगता येईल की जुन्या प्रभावळीची दुरुस्ती, तिच्यासाठी योग्य पेटी, कुशल कारागिराची मजुरी यांचा भार उचलणे हेही दानच आहे. त्यावर नाव कोरले जात नाही, ही त्याची उणीव मानावी की थोरवी, हे दात्याने ठरवावे.

विचाराला आचाराची जोड हवी, म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक देवस्थानाने अलंकारांच्या यादीला एक रकाना जोडावा: उजाळ्याची तारीख, पद्धत, आणि आधीचे व नंतरचे वजन. मळाचेही थोडे वजन असते हे जमेस धरूनही, पाच-दहा वर्षांच्या नोंदींतून झीज डोळ्यांना दिसेल आणि कोणाच्याही हेतूवर संशय न घेता पद्धत बदलता येईल. दुसरी, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढून ठेवावे. नक्षी किती पुसली याचा तोच साक्षीदार. तिसरी, रत्ने, जडाव आणि मोती यांना सेवेकऱ्यांनी पाण्यात घालू नये. ते काम जाणत्या सोनाराकडे, त्याची योग्य मजुरी देऊन, आणि दोन जबाबदार माणसांसमक्ष सोपवावे. देवाच्या खर्चात काटकसर करावयाची जागा ही नव्हे. चौथी, अलंकार उतरवल्यावर लगेच मऊ वस्त्राने टिपून, वेगवेगळ्या सुती पिशव्यांत, हिऱ्याचा मोत्याला आणि चांदीचा रबराला स्पर्श होणार नाही असे ठेवावेत. भाविक स्त्री-पुरुषांची सेवा याने हिरावली जात नाही. वर्षातून एकदा जोराने घासण्याऐवजी रोज हळुवार पुसण्याची सेवा त्यांच्याकडे येते, आणि ती अधिक कष्टाची, म्हणून अधिक मोलाची आहे.

घरच्या देव्हाऱ्यातील ताम्हन, पणजीची नथ, आजीचे तोडे यांनाही हाच विचार लागू आहे. कायदा त्यांना आपल्या मालकीचे म्हणतो. पण ज्यांनी ते आपल्या हाती दिले त्या आज नाहीत, आणि ज्यांच्या हाती ते जायचे आहेत त्या अजून लहान आहेत किंवा जन्मलेल्याही नाहीत. मधल्या काळात ते आपल्याकडे आहेत, इतकेच. या दृष्टीने पाहिले तर देवस्व आणि आपले स्वत्व यांतील अंतर आपण समजतो तितके मोठे उरत नाही, आणि देवाच्या चांदीशी जपून वागण्यास शिकलेला हात घरच्या नथीतील मोतीही अधिक हलक्या बोटांनी पुसू लागतो.